लॅच हुकचा गालिचा: लवेची दिशा उलट झाली आहे, गाठी उसवाव्यात का?

विणकामप्रेमी:

नमस्कार. गेले काही महिने मी घरी लॅच हुकने, म्हणजे झडप असलेल्या आकड्याने जाळीत लोकरीच्या तुकड्यांच्या गाठी घालून, एक गालिचा करत आहे आणि काम निम्म्यावर आल्यावर काही चुका लक्षात आल्या आहेत, म्हणून अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

मी छापील नक्षीचा तयार संच घेतला नाही. कोरी जाळी घेऊन आलेख कागदावर तीन मोठ्या पानांची नक्षी स्वतः काढली आणि कागदावरचा एक चौकोन म्हणजे एक गाठ असा हिशेब धरला. गालिचा २४ इंच रुंद आणि ३६ इंच लांब आहे. जाळीत दर तीन इंचांत दहा घरे बसतात, म्हणजे आडवी ८० आणि उभी १२० घरे झाली. वरच्या आणि खालच्या कडेला दोन-दोन इंच जाळी मोकळी सोडली आहे. विणकामातून उरलेली ॲक्रिलिकची लोकर पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळून मी तिचे अडीच-अडीच इंचांचे तुकडे कापले.

काम लवकर व्हावे म्हणून मी खालच्या कडेकडून आणि माझी धाकटी बहीण माझ्यासमोर बसून वरच्या कडेकडून गाठी घालत आलो. माझ्या ५२ ओळी झाल्या आहेत आणि तिच्या १४. आम्ही दोघी एकाच पद्धतीने काम करतो, तरीही माझ्या भागाची लव (गाठींची वर राहणारी टोके) माझ्याकडे झुकते आणि तिच्या भागाची तिच्याकडे. दोन्ही भाग मध्ये भेटतील तेथे केसांत पडावा तसा भांग पडेल, हे आता स्पष्ट दिसते. शिवाय पार्श्वभूमीचा एकच रंग एका टोकाला फिकट आणि दुसऱ्या टोकाला गडद वाटतो.

दुसरी अडचण अशी की काही ठिकाणी गालिचा वाकवला की लवेच्या मुळाशी पांढरी जाळी दिसते, आणि तुकड्यांची लांबीही सगळीकडे सारखी उतरलेली नाही. जाळीच्या कापलेल्या कडांचे दोरेही सुटू लागले आहेत. काम पूर्ण झाल्यावर मागून लॅटेक्सचा थर द्यावा, नाहीतर गाठी सुटतात, असे मला एकांनी सांगितले आहे. ते खरे आहे का? बहिणीने मनापासून घातलेल्या गाठी उसवायला जीव होत नाही, परंतु आवश्यक असेल तर तेही करू.

दाभण:

नमस्कार. तुमचे वर्णन नेमके असल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. तुम्ही दोघींनी गाठ चुकीची घातलेली नाही. समोरासमोर बसून एकाच पद्धतीने काम केले की लव दोन दिशांना जाणारच.

त्याचे कारण गाठीच्या घडणीत आहे. आपण साधारणपणे जी पद्धत शिकतो तिच्यात तुकडा मधोमध दुमडून हुकाच्या दांडीला, झडपेच्या खाली, वेढला जातो. मग हुक जाळीच्या आडव्या दोऱ्याखालून पुढे सारतात, इतका की झडप दोऱ्याच्या पलीकडे जाऊन उघडी पडते. तुकड्याची दोन्ही टोके एकत्र धरून झडप आणि आकडा यांच्या मधून आडवी घेतली आणि मूठ मागे ओढली की झडप आपोआप मिटते, टोके वेढ्यातून बाहेर येतात आणि गाठ बसते. या चार हालचालींच्या गाठीत टोके ओढणाऱ्याच्या दिशेने बाहेर पडतात, म्हणून लव काम करणाऱ्या व्यक्तीकडे झुकते. तुमची बहीण समोर बसली असल्यामुळे तिच्या गाठी तिच्याकडे झुकल्या. रंगातला फरकही त्यामुळेच आहे, कारण लवेची टोके आपल्याकडे वळलेली असली की रंग गडद वाटतो आणि धाग्याची आडवी बाजू समोर आली की तोच रंग उजळ दिसतो.

दोघांनी दोन टोकांकडून काम करायचे असेल तर त्यांपैकी एकाने पाच हालचालींची पद्धत वापरावी, ही या कामातली जुनी आणि उपयुक्त रीत आहे. तिच्यात हुक आधी रिकामाच दोऱ्याखालून पुढे सारतात. तुकडा दुमडून त्याचा मधला भाग आकड्यात अडकवतात आणि मूठ मागे ओढून तो वेढा दोऱ्याखालून आपल्या बाजूला आणतात. त्यानंतर त्याच वेढ्यातून हुक पुन्हा झडप पार होईपर्यंत पुढे सारतात, पलीकडे राहिलेली दोन्ही टोके आकड्यात धरतात आणि ओढून घेतात. गाठ तितकीच पक्की बसते, मात्र लव नेहमीच्या उलट दिशेला झुकते. हे माझ्या शब्दावर मानू नका. उरलेल्या जाळीच्या तुकड्यावर दोन्ही पद्धतींच्या दहा-दहा गाठी शेजारी शेजारी घालून त्यांवर तळहात फिरवून पाहा.

आता उसवण्याविषयी. बहिणीच्या १४ ओळी म्हणजे १,१२० गाठी होतात आणि पूर्ण गालिच्याच्या ९,६०० गाठींपुढे ही संख्या मोठी नाही. माझे स्पष्ट मत आहे की त्या उसवाव्यात. भांग गालिच्याच्या मध्यभागी पडला असता तर तो नक्षीतल्या पानांना कापत गेला असता, आणि चालण्याने लव दबत गेली की तो मिटत नाही, उलट रुंदावतो. उसवताना टोके ओढू नका, कारण टोके ओढल्याने गाठ अधिकच आवळते. तुकड्याचा जो वेढा दोन्ही टोकांवरून गेलेला दिसतो त्याखाली जाड, बोथट सुई घालून तो सैल करा, म्हणजे तुकडा अखंड सुटतो. सुटलेल्या तुकड्यांना थोडी घडी पडलेली असते, परंतु ते पुन्हा वापरता येतात, त्यामुळे बहिणीची लोकर वाया जाणार नाही. नंतर तिला त्याच जागेवरून पाच हालचालींच्या पद्धतीने पुन्हा सुरुवात करता येईल.

या उसवण्यातून तुमचा एक मोठा लाभही होणार आहे, तो म्हणजे वरची कड नीट करण्याची संधी. गालिच्याची पहिली ओळ घालण्यापूर्वी मोकळी सोडलेली जाळी मागे दुमडायची असते आणि दोन्ही थरांची घरे एकमेकांवर तंतोतंत जुळवून पहिल्या पाच-सहा ओळी दोन्ही थरांतून घालायच्या असतात. असे केले की कापलेली कड गाठींमध्येच बंद होते आणि दोरे सुटण्याचा प्रश्न उरत नाही. तुम्ही दोन इंच सोडले आहेत, त्यात साधारण सहा घरे येतात, म्हणजे ते पुरेसे आहे. वरच्या कडेला हे आता सहज करता येईल.

खालच्या कडेला ते करता येणार नाही, कारण तेथे गाठी आधीच पडल्या आहेत. तेथे सुटे दोरे आणखी सुटू नयेत म्हणून आजच कडेवर कागदी चिकटपट्टी दुमडून लावा. काम संपल्यावर चिकटपट्टी काढा, सुटलेला भाग कापून कड सरळ करा, मोकळी जाळी मागे दुमडा आणि तिच्यावर इंच-दीड इंच रुंदीची सुती पट्टी दोन्ही बाजूंनी हाताने शिवा. शिवताना टाका जाळीच्या दोऱ्यांत घ्यावा, लवेत जाऊ देऊ नये. डाव्या-उजव्या बाजूंना जाळीची विणलेली किनार असेल तर ती कापू नका. पार्श्वभूमीच्या रंगाची लोकर दाभणात ओवून, काठाला वेढे देत, जवळजवळ टाके घातले की ती किनार झाकली जाते आणि गालिच्याची कड जाड, गोलसर होते. गालिच्याची झीज सर्वांत आधी कडेला होते, म्हणून या कामाला घाई करू नये.

ताणाबाणा:

दाभण यांच्याशी उसवण्याबाबत मी पूर्णपणे सहमत नाही. नक्षीत एखादी आडवी पट्टी असती तर लवेची उलट दिशा तेथे शोभून दिसली असती, आणि मी स्वतः एका गालिच्याच्या किनारीसाठी ती मुद्दाम वापरली आहे. परंतु तुमची नक्षी पानांची आहे आणि दोन्ही भाग पानांच्या मधोमध भेटणार आहेत, त्यामुळे तुमच्या बाबतीत उसवणेच योग्य ठरेल.

मला अधिक बोलायचे आहे ते लोकरीविषयी. दर तीन इंचांत दहा घरे म्हणजे एका घराची रुंदी साडेसात मिलिमीटरांहून थोडी अधिक. एवढे घर भरायला गालिच्यासाठी मिळणारी जाड लोकर लागते. स्वेटरसाठी उरलेली लोकर बहुधा तिच्याहून बरीच बारीक असते, म्हणून ती दुहेरी, आणि फारच बारीक असेल तर तिहेरी घ्यावी लागते. कोणतीही नवी लोकर वापरण्यापूर्वी दहा गुणिले दहा घरांचा चौकोन भरून पाहावा आणि जाळी मागच्या बाजूला वाकवून बघावी. वाकवल्यावर फक्त लव दिसली तर जाडी बरोबर आहे. लवेच्या मुळाशी जाळी उघडी पडली तर धागा वाढवावा, आणि उलटपक्षी चौकोनाच्या कडा वर उचलल्या जाऊ लागल्या तर घरे प्रमाणाबाहेर भरली जात आहेत असे समजावे.

तुकड्यांची लांबी सारखी न येण्याचे कारण बहुधा तुमच्या पुठ्ठ्यात आहे. लोकर ताणून गुंडाळली की पुठ्ठा हळूहळू आत वाकतो आणि नंतरचे तुकडे आखूड निघतात. त्यातच वेढ्यांवर वेढे चढले तर वरच्या थरातील तुकडे लांब निघतात. पुठ्ठ्याऐवजी लाकडी पट्टी घ्या. एका पूर्ण वेढ्याची लांबी अडीच इंच, म्हणजे सुमारे ६.३ सेंटिमीटर, भरली पाहिजे आणि पट्टीच्या एका बाजूला पात्यासाठी लांब खाच असली तर कापणे फार सोपे जाते. लोकर न ताणता, एकच थर येईल अशी शेजारी शेजारी गुंडाळावी आणि खाचेतून पाते फिरवावे. मात्र पट्टीची जाडी हिशेबात धरायला विसरू नका, कारण वेढा रुंदी आणि जाडी या दोन्हींना मिळून बसतो.

लोकर किती लागेल याचाही अंदाज आताच घ्यावा. ९,६०० गाठींना अडीच इंचांचा एक-एक तुकडा धरला तर २४,००० इंच, म्हणजे सुमारे ६१० मीटर धागा लागतो, आणि दुहेरी धाग्याने त्याच्या दुप्पट. कापलेल्या तुकड्यांची तयार पाकिटे घ्यायची झाली तर एका पाकिटात सहसा ३२० तुकडे असतात, म्हणजे अशी तीस पाकिटे संपतील. पार्श्वभूमीच्या रंगाची लोकर एकाच खेपेत रंगवलेली असावी, कारण दोन खेपांतला फरक गुंडा हातात धरला असता जाणवत नाही, पण गालिच्यावर सरळ रेषेसारखा उमटतो. दोन खेपा वापरणे अटळच असेल तर त्यांचे तुकडे आधी एकत्र मिसळून घ्यावेत.

लॅटेक्सविषयी तुम्हाला जे सांगितले गेले ते दुसऱ्या प्रकारच्या गालिच्यांना लागू पडते. टफ्टिंगमध्ये किंवा पंच नीडलच्या कामात धागा कापडातून नुसता पार केलेला असतो आणि त्याला गाठ नसते, म्हणून तेथे मागून चिकट थर आवश्यक ठरतो. गोणपाटातून आकड्याने लोकरीचे फास वर काढून केलेल्या गालिच्यातही गाठ नसते, तेथे विणीची घट्ट पकड फासांना धरून ठेवते. लॅच हुकमध्ये प्रत्येक तुकडा दोऱ्याभोवती स्वतंत्रपणे बांधलेला असतो, त्यामुळे गाठ टिकण्यासाठी लॅटेक्सची गरज नाही. त्या थराने गालिचा ताठ होतो आणि काही वर्षांनी लॅटेक्सचा भुगा पडू लागतो. गालिचा फरशीवर घसरू नये एवढाच हेतू असेल तर खाली वेगळी, न घसरणारी जाळी अंथरावी. मागे पूर्ण अस्तर शिवण्याचाही मोह टाळावा, कारण लवेतून खाली गेलेली बारीक वाळू अस्तरावर साठते, बाहेर पडत नाही आणि आतून धाग्यांना कापत राहते.

शुभ्रधागा:

वरील दोन्ही उत्तरांत एका गोष्टीचा उल्लेख आलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. उरलेले काम ओळीनेच करावे. एकेक रंग संपवत जाण्याचा मोह होतो, परंतु आधी पाने आणि नंतर पार्श्वभूमी असे केले तर पानांच्या कडेची काही घरे लवेखाली लपतात आणि रिकामी राहतात. ओळीने जाताना, झालेली ओळ खाली दाबून धरली की पुढची ओळ स्वच्छ दिसते. दर दहा घरांवर जाळीच्या कडेला रंगीत धाग्याची खूण बांधून ठेवावी, म्हणजे आलेख कागदाशी ताळमेळ राहतो.

हुकाच्या झडपेकडेही लक्ष ठेवावे. ही झडप मुळात विणयंत्रांच्या सुईतून आलेली युक्ती आहे. मॅथ्यू टाउनसेंड यांनी १८४९ साली इंग्लंडमध्ये अशा सुईचे पेटंट घेतले होते, आणि यंत्रातल्याप्रमाणेच आपल्या हातातही झडप स्वतःहून उघडली-मिटली तरच कामाला लय येते. बिजागरीत लोकरीचे तंतू अडकले की झडप अर्धवट मिटते, तुकडा चिरला जातो आणि मनगटावर विनाकारण जोर पडतो. सुईच्या टोकाने ते तंतू अधूनमधून काढत राहावेत. जाळीचा न झालेला भाग टेबलावर ठेवून त्यावर वजन ठेवावे आणि चालू ओळ टेबलाच्या अगदी कडेवर घ्यावी, म्हणजे हुकाला खालून जागा मिळते आणि मनगट वाकवावे लागत नाही. माझे मनगट एकदा असे दुखावले होते की तीन आठवडे काम बंद ठेवावे लागले. तेव्हापासून मी सलग अर्ध्या तासाहून अधिक वेळ बसत नाही.

विणकामप्रेमी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उरलेल्या जाळीवर दोन्ही पद्धतींच्या गाठी घालून पाहिल्या आणि लवेची दिशा खरोखरच उलट आली. बहिणीला ते दाखवले तेव्हा तिने स्वतःच सुई हातात घेऊन उसवायला सुरुवात केली. तिच्या नऊ ओळी उसवून झाल्या आहेत आणि वरची कड दुमडून घरे जुळवूनही ठेवली आहेत.

आता दोन शंका उरल्या आहेत. माझ्या ५२ ओळींपैकी सुमारे १५ ओळींत लोकर एकेरी आणि बारीक वापरली गेली आहे आणि तेथेच जाळी दिसते. त्याही उसवाव्यात का? आणि काम करताना जाळी एका कोपऱ्याकडे ओढली जाऊन गालिचा किंचित तिरका झाला आहे, तो सरळ करता येतो का?

ताणाबाणा:

त्या १५ ओळी उसवू नका. बारीक लोकरीमुळे घरात जागा उरलेली आहे, तेव्हा त्याच घरात, आधीच्या गाठीच्या शेजारी, त्याच रंगाची बारीक लोकर घेऊन दुसरी गाठ घाला. दोन बारीक गाठी मिळून एका जाड गाठीचे काम करतात. लव खाली दाबून ठेवावी लागते म्हणून हे काम थोडे किचकट आहे, परंतु १,२०० गाठी उसवून पुन्हा घालण्यापेक्षा त्याला निम्माच वेळ लागेल. आधी एका ओळीवर करून पाहा आणि ती ओळ इतरांपेक्षा फुगलेली वाटली तर एक घर सोडून एक अशा गाठी घाला.

दाभण:

तिरकेपणा काढता येतो, मात्र सर्व गाठी आणि कडा पूर्ण झाल्यावरच. जाळीला खळ लावलेली असते आणि तिच्यामुळेच ती ताठ राहते. ती ओली झाली की सैल पडते आणि वाळताना जो आकार दिला असेल तो धरून ठेवते. गालिचा लाकडी फळीवर उलटा अंथरावा आणि मागची बाजू फवाऱ्याने ओलसर करावी, चिंब भिजवू नये. मग आखूड राहिलेले दोन विरुद्ध कोपरे धरून तो हळूहळू ओढावा, चारही कोपरे काटकोनात आहेत हे दोन कर्णांची लांबी मोजून ताडून पाहावे आणि न गंजणाऱ्या टाचण्या दर इंच-दीड इंचावर टोचून पूर्ण वाळेपर्यंत तसाच ठेवावा. तुमची लोकर ॲक्रिलिकची असल्यामुळे इस्त्री किंवा वाफ मुळीच वापरू नका. उष्णतेने ॲक्रिलिकचा तंतू कायमचा मऊ, लुळा पडतो आणि लव पुन्हा उभी राहत नाही.

खळीच्या याच गुणामुळे पुढेही गालिचा यंत्रात धुऊ नये. सुरुवातीचे काही आठवडे सुटे तंतू पडत राहतील, ते व्हॅक्यूम क्लीनरचा फिरता ब्रश बंद ठेवून साध्या नळीने ओढून घ्यावेत. एखादा तुकडा शेजाऱ्यांपेक्षा लांब दिसला तर तो ओढू नये, कात्री लवेला समांतर धरून फक्त टोक छाटावे. दोन रंगांच्या सीमेवर लव एकमेकांत मिसळलेली दिसेल, तेथे हुकाच्या टोकाने एकेक धागा आपापल्या बाजूला वळवून घ्यावा आणि मगच कात्री लावावी, नाहीतर पानांची कड कापली जाईल.

विणकामप्रेमी:

धन्यवाद. एक ओळ करून पाहिली. सलग गाठींनी ती थोडी फुगली, पण एक घर सोडून गाठी घातल्यावर जाळी दिसेनाशी झाली आणि कड सपाट राहिली, म्हणून तोच प्रकार पुढच्या चौदा ओळींना करत आहे. लाकडी पट्टीही तयार झाली आहे.